समोरचं दार

त्या साली आडिपेरुक्कूला, नदीच्या नव्या पाण्याच्या सणाला, नदीत नुसती वाळू होती. मंगळसूत्राचा हळदीचा दोरा बदलायला आलेल्या बायका बोअरच्या नळाखाली डोकं धरून परत गेल्या. धरणातनं पाणीच सोडलं नाही, तर कालव्यात येणार कुठून? शेतं तडकली, भेगांत पाऊल अडकेल अशी तडकली. भात लावायचं नाही म्हटल्यावर गावातले लोक चहाच्या टपरीत केबल टीव्ही बघत बसले आणि सेतुमाधवानं आपल्याच पडीक शेताची माती खणून घर बांधायला काढलं.

"रायराला ऊन लागलं," टपरीत म्हणाले. त्या भागात मराठी माणूस दिसला की तो रायरच.

सेतुमाधवाला राग यायचा नाही. घरातला सगळा राग त्याच्या मुलीच्या वाट्याला आला होता. भवानी सतराची. दहावीत गणिताच्या सरांनी तिचा पेपर हसत हसत सगळ्या वर्गाला वाचून दाखवला आणि तिनं सरांचा जेवणाचा डबा खिडकीतनं बाहेर टाकला. डब्यात दहीभात होता. शाळा सुटली ती तिथंच. तेव्हापासून ती सायकल घेऊन तंजावूर ते शेत, शेत ते तंजावूर हिंडायची, आणि दिसेल त्याच्यात खोट काढायची. खोट खरी असायची, हीच पंचाईत.

घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, असं त्यांचं पिढ्यान् पिढ्या चाललेलं. पण भवानीला राग आला की दोन्ही भाषा एका भांड्यात पडायच्या. शेंडा मराठी, बुडखा तमिळ. ऐकणाऱ्यानं जे समजायचं ते समजावं.

सकाळी ऊन तापायच्या आत चिखल तुडवायचा. शेतातली काळी माती, नदीकाठची वाळू, चिरलेला पेंढा, भाताचा कोंडा. वर पाणी मारून रात्रभर भिजवलेलं असायचं. भवानी परकर गुडघ्याच्या वर खोचून आत उतरायची. पहिल्या पावलाला चिखल गार लागायचा, मग घोटा धरून ठेवायचा, सोडायचाच नाही. पोटऱ्या भरून यायच्या. पलीकडनं कलियमूर्ती तुडवत यायचा. तो शेजारच्या गावचा, काळा, काटकुळा, लुंगी कंबरेला गुंडाळलेला. हा माणूस सांगितलं तेवढंच करायचा, पण ते पुरतं करायचा. 'इथं खण' म्हणून कुणी विसरून गेलं तर संध्याकाळपर्यंत विहीर जाली असती.

तुडवलेली माती लाकडी साच्यात थापायची, हातानं वर साफ करायची, साचा अलगद उचलायचा. खाली कच्ची वीट. ती नारळाच्या झावळ्यांखाली सावलीत सुकवायची, मग उन्हात उभी करायची.

"भट्टी नाही, लाकूड जाळणं नाही, सिमेंट नाही," सेतुमाधव टपरीत सांगायचा. कॉलेजात कुणाचं तरी भाषण ऐकून आला होता. "उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. पच्चै वीडु." हिरवं घर, असं त्याला म्हणायचं होतं.

टपरीवाला चहा उंचावरनं ओतत म्हणाला, "रायरे, पच्चै म्हणजे हिरवं, आणि पच्चै म्हणजे कच्चंसुद्धा. तुमचं कुठलं?"

"दोन्ही," सेतुमाधव म्हणाला.

"आम्ही बाबा शिजवलेलंच खातो."

सगळे हसले. सेतुमाधवही हसला. भवानी सायकलपाशी उभी होती, तिनं घंटी इतक्या जोरात वाजवली की टपरीवाल्याच्या हातनं चहा सांडला.

ह्या सगळ्या खटाटोपाचं कारण तंजावुरात होतं. राजवाड्यामागच्या बोळात थोरल्या काकांचं घर. कृष्णस्वामी काका. सेतुमाधवाचं बिऱ्हाड त्याच घरात, समोरच्या दोन खोल्यांत. मग काकांना सुचलं की आता कॉम्प्युटरचा जमाना आला. समोरच्या खोल्यांत त्यांनी फरशी बसवली, एसी बसवला, काचेचं दार बसवलं, आणि बाहेर कॉम्प्युटर क्लासची निळी पाटी लावली. सेतुमाधवाचं बिऱ्हाड मागच्या कोठीत गेलं. कोठीला खिडकी नव्हती. चिंचेचा नि जुन्या पोत्यांचा वास भिंतींतच मुरला होता.

"आणि एक," काकूनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "क्लासची मुलं असतात गे सुंदरी. तुम्ही आपलं मागच्या बोळातनं येत जा."

मागच्या बोळात गटार होतं. त्यावर एक फळी. भवानीची आई सुंदरी भाजीची पिशवी घेऊन त्या फळीवरनं यायची, काकांच्या घरचं दोन्ही वेळचं करायची, आणि कधी काही बोलायची नाही. एकदा भवानी मुद्दाम काचेच्या दारातनं शिरली, चिखलाच्या पायांनी. काकूनं तिला काही म्हटलं नाही. सुंदरीच्या हातात फडकं दिलं. सुंदरीनं क्लासच्या मुलांच्या खुर्च्यांखाली वाकून फरशी पुसली. एक मुलगा पाय वर घेऊन बसला आणि कॉम्प्युटरकडंच बघत राहिला.

त्या दिवसापासून भवानीला घर पाहिजे होतं. हिरवं, कच्चं, कसलंही. पण अडलं होतं ते आईपाशी.

"मातीच्या घरात मी येणार नाही," सुंदरी म्हणायची.

"अगे, आई, बघ तरी एकदा."

"बघितलंय. वादळाच्या साली, माझ्या माहेरी. भिंत पडली नाही गे, बसली. माणूस दमून बसतं ना, तशी. आवाजसुद्धा नाही. आत वासरू होतं." एवढं सांगून ती कढईतली भाजी हलवायला लागायची. "ऐप्पसीचा पाऊस आला की तुझ्या आप्पाचं घर पण बसेल. इथं वास आहे, पण डोक्यावर छप्पर तरी आहे."

ऐप्पसीचा पाऊस, म्हणजे तिकडचा आश्विनातला पावसाळा, महिन्यावर आला होता. त्याच्या आत भिंती पुऱ्या व्हायला पाहिजेत, वर कौलं चढायला पाहिजेत. आणि आईनं यायला पाहिजे. ती आली नाही तर आप्पा एकटा तिथं राहणार नाही, हे भवानीला पक्कं ठाऊक होतं. मग ते घर म्हणजे वैरणीची खोप.

भिंती छातीपर्यंत आल्या तेव्हा काका बघायला आले. स्कूटर बांधावर लावली, चपलेला माती लागू नये म्हणून विटांच्या तुकड्यांवर पाय ठेवत आले. आत शिरले, वर आकाश बघितलं, बाहेर आले. कलियमूर्ती चिखल कालवत होता. काका मराठीतनं बोलले असते तर घरातल्या घरात राहिलं असतं. ते तमिळमध्ये बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून.

"सेतु, हे पाडून टाक. लोक हसतात मला. माझा भाऊ मातीत राहतो म्हणतात. कोठी आहे की. मी काढतोय कां तुम्हाला?"

"बघू दादा," सेतुमाधव म्हणाला. त्याचं नाही म्हणणं असंच असायचं. ते फक्त घरच्यांना कळायचं.

"बघू काय? पाड. मी सांगतो."

कलियमूर्तीनं फावडं थांबवून दोघांकडं बघितलं आणि परत चिखलात घातलं.

त्या रात्री भवानी कोठीत आईशी भांडली. असलं नसलं सगळं बोलली. काचेचं दार, फडकं, फळी, गटार. शेवटी रडली, आणि रडल्याचा आणखी राग आला. सुंदरी अंधारात पडून ऐकत होती. मग म्हणाली, "उद्या येते. बघते, आणि बघून परत येते. मग पुन्हा ह्या घराचं नाव काढायचं नाही. सरी?"

"सरी," भवानी म्हणाली.

सकाळी उजाडायच्या आत ती सायकल हाणत शेतावर पोचली. आई यायच्या आत सगळं साफसूफ करायचं होतं. आप्पा तिकडं नव्हता. तिरुवैयारकडं कुणाचं तरी जुनं घर उतरवत होते, तिथली कौलं बघायला गाडीवाल्याबरोबर गेला होता. कलियमूर्ती एकटाच भिंतीपाशी बसून विडी ओढत होता.

रस्त्याकडच्या भिंतीला लागून आदल्या दिवशीच्या विटा उभ्या होत्या. भवानीनं एक उचलली. मधोमध तडा. दुसरी उचलली, तिचे दोन तुकडे हातात आले. सगळीच रांग गेलेली. सावलीत ठेवायच्या त्या उन्हात ठेवल्या होत्या, कारण सावलीत वेळ लागतो, आणि वेळ तिला नको होता. ठेवल्या तिनंच. हे तिला आठवलं, आणि आठवल्यामुळं ती कलियमूर्तीवर ओरडली.

"काय बघत बसलाय! आई येणार आज, आणि हे असलं दाखवू तिला?" तिनं भिंतीकडं हात झटकला. "अंद वीट्ट इडिच्चु पोडु! सगळं! एक पण दिसायला नक्को!"

कलियमूर्तीनं विडी तोंडातनं काढली. भिंतीकडं बघितलं. "खरंच कां, पाप्पा? रायर आल्यावर विचारून..." पाप्पा म्हणजे पोरगी; तो तिला तसंच म्हणायचा.

"मी सांगते ना! कितींदा सांगायचं? परत येईपर्यंत पुरं जालं पाहिजे!"

आणि ती सायकलवर बसून निघालीसुद्धा. मागं बघायची तिला सवयच नव्हती.

बोळाच्या तोंडाशी सुंदरी उभी होती. ठेवणीतली नाही, पण धुतलेली साडी. काकूला काय सांगून निघाली होती कोण जाणे. भवानी तिला कॅरिअरवर बसवणार होती, पण सुंदरी म्हणाली, "ह्या वयात सायकलवर नक्को गे, लोक बघतील." मग सायकल कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथपाशी लावली आणि दोघी गावच्या बसमध्ये बसल्या. बस पंक्चर जाली. कंडक्टर खाली उतरून टायरला लाथ मारून आला. सुंदरी खिडकीतनं कोरड्या कालव्याकडं बघत बसली होती. कालव्यात पोरं क्रिकेट खेळत होती.

"पाणी नाही तर किती खोल दिसतो नाही?" ती म्हणाली.

भवानी मनातल्या मनात घर दाखवत होती. इथनं आत ये. इथं चूल. इथं तुझी खिडकी. दार कालव्याकडं, कारण आप्पाचं म्हणणं, रस्त्याकडनं धूळ येते, ऊन येतं, कालव्याकडनं वारा.

बसमधनं उतरल्यावर आधी आवाज ऐकू आला. थप्. थोडं थांबून, थप्.

"काय चाललंय?" सुंदरीनं विचारलं.

भवानी पळायला लागली.

रस्त्याकडच्या भिंतीला माणूस जाईल एवढं खिंडार पडलं होतं. त्यात कलियमूर्ती उभा, अंगावर माती आणि घाम, पहार दोन्ही हातांत. तडकलेल्या विटा बाजूला जशाच्या तशा उभ्या होत्या. एकीलाही हात लावलेला नव्हता.

"काय केलंस!" भवानीनं त्याच्या हातातली पहार ओढली. त्यानं ती सहज सोडली, बरंच वाटलं असावं त्याला. "माझं घर! कुणी सांगितलं तुला? काकांनी? काय दिलं काकांनी तुला?"

कलियमूर्ती हातांकडं बघत होता. तळव्यांना फोड आले होते, एक फुटला होता. "तूच सांगितलंस, पाप्पा."

"मी?"

"अंद वीट्ट इडिच्चु पोडु. अशी म्हणालीस. मी विचारलं पण, खरंच कां. ओरडलीस." त्यानं मान खाली घातली. "मला वाटलं, थोरल्या रायरांचं ऐकलं तुम्ही. मला पण बरं नाही वाटलं. पण सांगितलं ना."

मागनं सुंदरी आली होती, पदरानं घाम पुसत. तिनं खिंडार बघितलं, रांगेतल्या फुटक्या विटा बघितल्या, पोरीचं तोंड बघितलं.

"अगे," ती हळू म्हणाली, "तू वीट म्हणालीस. आपली मराठी. ह्या फुटक्या विटा कुटून टाक, असं. त्यानं घर ऐकलं. त्यांचं वीडु, आणि घराला म्हणायचं जालं की वीट्ट. आणि इडि काय, मिरची कुटली तरी इडि, भिंत पाडली तरी इडि." आणि तिनं पदर तोंडावर धरला. भवानीला वाटलं रडते. खांदे हलत होते. ती हसत होती. कोठीत गेल्यापासून ती अशी हसलेली भवानीनं बघितली नव्हती.

"हसू नक्को!" भवानी किंचाळली. "तुला दाखवायला आणलं होतं! आता काय दाखवू?"

ती मातीच्या ढिगावर बसली. डोकं गुडघ्यांत घातलं. तिच्या घरावर कुणी पहार घातली असती तर तिनं त्याला चावून खाल्लं असतं. आता कुणाला चावायचं? ढेकळं पायांखाली टोचत होती. सगळी तिनंच तुडवलेली.

सुंदरी हसायची थांबली. कलियमूर्तीपाशी गेली, त्याचे तळवे बघितले. "मडक्यात पाणी आहे कां? धू ते. हळद असती तर बरं." मग विचारलं, "केव्हापासून लागलायस?"

"पाप्पा गेली तेव्हापासून, अम्मा." त्यानं खिंडाराकडं रागानं बघितलं. "सकाळपासून एवढंच. माझ्या भावाचं सिमेंटचं कुंपण पाडलं होतं, दोन विड्यांत जालं. हिची पकड सुटतच नाही. पेंढा आत धरून ठेवतो. पहार जाते आणि तिथंच राहते."

सुंदरी खिंडारापाशी आली. हात लावला नाही. पहार उचलली. पहार तिला जड होती, टोक जमिनीवर घासलं. तिनं ती कशीबशी खांद्यापर्यंत नेली आणि राहिलेल्या भिंतीवर घातली. थप्. धूळ उडाली, नखाएवढी माती पडली. तिनं परत घातली. परत. बांगड्या कोपराकडं सरकल्या, अंबाडा सुटला. भवानी डोकं वर करून बघत राहिली. आई कुणावर घाव घालतेय, ते तिला कळेना. त्या वासराच्या भिंतीवर, की फरशीवर, की आणखी कशावर. कलियमूर्ती दोन पावलं मागं सरला.

दम लागला तेव्हा सुंदरीनं पहार टाकली आणि खिंडारात वाकली. भिंत आतनं उघडी पडली होती. तिनं वरनं खाली हात फिरवला. माती, माती, पेंढा, माती, आणि गुडघ्याखाली एकदम लाल, खरखरीत दगड.

"हे काय?"

"वल्लमचा दगड," भवानी पुटपुटली. "आप्पानं आणला. भिंतीचे पाय ओले व्हायला नक्को म्हणून. वरनं माती लिंपली म्हणून दिसत नाही. तुला सांगितलं होतं त्यानं."

"आमच्या भिंतीला दगड नव्हता," सुंदरी म्हणाली. "सरळ जमिनीतनंच उठली होती."

तिनं मडकं मागितलं. राहिलेलं सगळं पाणी दगडाच्या बुडाशी ओतलं आणि समोर उकिडवी बसली. पाणी दगडावर गडद जालं, थोडा वेळ थांबलं, मग उताराला लागून शेताच्या भेगेत गेलं. दगडावरची माती कोरडी होती. सुंदरीनं बोट लावून बघितलं. परत थोड्या वेळानं लावलं. कालव्यातनं पोरांचा 'आउट, आउट' असा गलका ऐकू येत होता.

तेवढ्यात बैलगाडी आली. गाडीत जुनी कौलं, पेंढ्यात बसवलेली, आणि कौलांच्या वर सेतुमाधव. तो उतरला. खिंडार बघितलं. बायको बघितली, पोरगी बघितली, कलियमूर्तीचे हात बघितले.

"हवा बरी येतेय," शेवटी म्हणाला.

भवानी उठून सांगायला लागली. वीट, वीट्ट, इडि, सगळं एका दमात. चूक कुणाची हे सांगायच्या जागी आली तेव्हा तिचा आवाज बारीक जाला. "माझीच," ती म्हणाली. कलियमूर्तीकडं न बघता म्हणाली, मग बघून परत म्हणाली, तमिळमध्ये. कलियमूर्तीनं फोडावर फुंकर मारली आणि मान हलवली.

"माती कुठं जाते?" सेतुमाधव म्हणाला. "पाणी मारू, तुडवू, परत चढवू. सिमेंट असतं तर फेकायला जागा शोधावी लागली असती. आठवड्यात बुजवू भोक."

"बुजवू नक्को," सुंदरी म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले.

"इथं दार करा."

"दार कालव्याकडं आहे ना," सेतुमाधव म्हणाला. "इकडनं धूळ येईल. ऊन येईल. तो वाऱ्याचा हिशेब..."

"येऊ दे ऊन. पुढं पडवी काढा. धूळ मी झाडीन, जन्मभर दुसऱ्यांची झाडली." तिनं अंबाडा बांधला. "रस्त्यावरनं दिसलं पाहिजे. कुणी आलं तर समोरनं आलं पाहिजे. तुमचे दादा आले तरी समोरनंच."

सेतुमाधवानं खिंडाराची रुंदी हातानं मापली. माप घेताना त्याचं तोंड भिंतीकडं होतं, ते त्यानं जरा जास्तच वेळ तिकडं ठेवलं. मग म्हणाला, "चौकट जुनी मिळेल. तिरुवैयारला होती एक."

"आणि लवकर करा," सुंदरी म्हणाली. पिशवी उचलून ती निघायला लागली होती, संध्याकाळचा स्वयंपाक व्हायचा होता. "ऐप्पसीच्या आत. वीट आला गे मला त्या कोठीचा."

कलियमूर्ती ढिगावर बसला होता. तो शब्द कानांवर पडताच दचकून उभा राहिला. हात आपोआप पहारीकडं गेला.

"आता कुठलं घर, अम्मा?"

सुंदरी थांबली. तंजावूरच्या दिशेला बघत तिनं क्षणभर खरंच विचार केला.

"नक्को," ती म्हणाली. "ते आपोआप बसेल."

भवानीनं परकर खोचला, ढिगावर पाणी मारलं आणि भिंतीची माती तुडवायला लागली.